जिवाणूच्या अंगावरील खुंटी



माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचे वर्णन थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने 1885 मध्ये प्रथम केले. जेमतेम दोन मायक्रोमीटर लांबीच्या या जीवाला डोळे नाहीत, कान नाहीत; तरी भोवतालची वार्ता त्याला लागते, ती पृष्ठभागावरील प्रथिनांमुळे. ठरावीक रेणू ओळखून धरणाऱ्या अशा प्रथिनांना ग्राही म्हणतात.

जिवाणूला नवा ग्राही द्यावयाचा, तर रूढ मार्ग जनुकबदलाचा. परंतु तो बदल पुढील पिढ्यांत उतरतो, आणि प्रत्येक नव्या गुणासाठी जनुकात पुन्हा हात घालावा लागतो. इस्रायलमधील वाइझमन संस्थेत डेव्हिड मार्गुलिस यांच्या गटाने 2020 मध्ये निराळी वाट दाखविली.

जनुकबदल त्यांनीही केला. पण तो बाह्य पटलातील ओम्प-सी या प्रथिनाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे छोटे शेपूट जोडण्यापुरता. हिस्टिडिनची निकेलशी घट्ट जवळीक. म्हणून डीएनएच्या लहानशा कृत्रिम धाग्याला निकेल बाळगणारा रेणू जोडला, की तो धागा जिवाणूच्या अंगावर आपण होऊन जाऊन बसतो. ही झाली भिंतीतली खुंटी. तिच्यावर काय टांगावयाचे ते दुसरा, पूरक धागा ठरवितो. त्याला चमकणारा रंग जोडला तर जिवाणू उजळतो. फोलेट जोडले तर फोलेटचे ग्राही विपुल असलेल्या कर्करोगपेशींना तो चिकटतो.

खरे अप्रूप चढविण्याचे नाही, उतरविण्याचे आहे. रक्ततपासणीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असते. रक्त गोठू नये म्हणून ते तेथे कॅल्शियम धरून ठेवते. येथे तेच निकेल ओढून घेते आणि सारा साज गळून पडतो. जिवंत जिवाणू औषध म्हणून शरीरात सोडावयाचा विचार होतो तेव्हा त्याला आवरणार कसे, ही पहिली धास्ती असते. त्या धास्तीला येथे काहीसे उत्तर मिळते.

अर्थात ही करामत अद्याप प्रयोगशाळेतील आहे, आणि अडचणही उघड आहे. अनुकूल स्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुभंगतो. हिस्टिडिनचे शेपूट वारशाने मिळते, वरचा साज मात्र लेकींत वाटला जातो. शंभर मिनिटांनी प्रत्येकीच्या अंगावर त्याचा सरासरी बत्तिसावा हिस्सा उरतो.