थोरातसाहेब



आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव पलटणीतून पेन्शनीवर आलेली माणसं आहेत. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला तर सैनिक टाकळी म्हणूनच ओळखतात. या सगळ्या घरांनी वडीलधारे मानावेत अशा एका कोल्हापूरकराची आज आठवण काढायची आहे. ते म्हणजे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, वडगावचे शंकरराव. त्यांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ चा. १० ऑगस्ट १९९२ रोजी ते गेले, तेव्हा शहाऐंशी पूर्ण व्हायला दोनच दिवस उरले होते.

विलायतेतल्या सँडहर्स्टला शिकून १९२६ मध्ये ते अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर, कांगाव इथं जपान्यांशी लढाई जुंपली. तिथल्या ‘मेलरोझ’ नावाच्या टेकडीवर थोरातांच्या पंजाब पलटणीनं हल्ला चढवला आणि संगिनी भिडवून ती घेतली. ही पलटण ज्या ब्रिगेडची होती, तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते: थिमय्या, सेन आणि आपले थोरात. तिघांनाही डी.एस.ओ. हा लष्करी सन्मान मिळाला.

मला मात्र त्यांचं मोठेपण कोरियात अधिक दिसतं. १९५३ मध्ये तिथलं युद्ध थांबलं, पण मायदेशी परतायला तयार नसलेले २२,००० हून अधिक युद्धकैदी उरले. त्यांची राखण भारतीय फौजेकडे आली आणि फौजेचे प्रमुख झाले थोरात. दक्षिण कोरियाचं सरकार आपल्या शिपायांना जमिनीवर पाय ठेवू देईना, तेव्हा त्यांना बोटीवरून हेलिकॉप्टरनं छावणीपर्यंत न्यावं लागलं. आणि एके दिवशी कैद्यांनी आपला एक अधिकारी तारेच्या कुंपणाआत ओढून धरून ठेवला. आत खवळलेला जमाव, बाहेर बंदुका रोखलेले जवान. गोळी सुटली असती तर रक्ताचा सडा पडला असता. साहेब निःशस्त्र आत गेले, कैद्यांशी बोलले आणि अधिकाऱ्याला सोडवून आणलं. त्यांना अशोक चक्र, वर्ग दुसरा मिळालं. त्यालाच आज कीर्ती चक्र म्हणतात.

पुढे लखनौला पूर्व विभागाचे सेनापती असताना, १९५९ च्या ऑक्टोबरात, त्यांनी चीनच्या धोक्याबद्दल सविस्तर टिपण वर पाठवलं. सैन्य किती आहे, किती लागेल, रस्ते कुठे नाहीत, सगळं त्यात होतं. अगदी सीमेच्या टोकावर सैन्य अडकवू नका. आपली रसद पोचेल आणि शत्रूची वाट लांबत जाईल अशा मागच्या जागी भक्कम फळी धरा, असा त्यांचा सल्ला होता. १९६० च्या मार्चमध्ये ‘लाल किल्ला’ नावाच्या सरावात त्यांनी तो मांडूनही दाखवला. दिल्लीत संरक्षणमंत्र्यांनी त्याची दखल घेतली नाही. तेव्हा सरसेनापती असलेल्या थिमय्यांनी आपल्यानंतर त्या पदासाठी थोरातांचं नाव सुचवलं होतं, तेही बाजूला पडलं. १९६१ मध्ये साहेब निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी चीननं हल्ला केला. पराभव समोर दिसू लागल्यावर नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं, तेव्हा कुठे त्या टिपणाबद्दल पंतप्रधानांना समजलं. याची हळहळ मला आजही वाटते.

साहेबांनी मात्र कडवटपणा धरला नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं, कोल्हापुरात राहिले, आणि ऐंशीच्या घरात ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. ते लिहिलं म्हणून टिपणाची ही हकीकत त्यांच्या शब्दांत आपल्यापाशी आहे. मेलरोझ चढलेल्या साध्या जवानांचं कुणी लिहून ठेवलं?

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी पलटणीतून आलेले आजोबा असतील, तर आज संध्याकाळी वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. पलटण कोणती, लढाई कुठली, शेजारच्या खंदकात कोण होतं, सगळं विचारा आणि लिहून काढा.