ठिपके, रेषा आणि आपण



पदवी हातात पडली तेव्हा मला पहिला सल्ला मिळाला, ‘नेटवर्क वाढव.’ घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नसलं की वाटतं, खोट आपल्यातच आहे, आपल्याला लोकांशी बोलताच येत नाही. पुढे जाळ्यांचं गणित शिकले आणि तो सल्ला किती अपुरा आहे ते कळलं.

साधं जाळं म्हणजे ठिपके आणि रेषा. माणूस ठिपका, ओळख रेषा. पण ऑफिसात शेजारी बसणं, त्याच सोसायटीत भाड्याने घर मिळणं आणि सोयरीक जुळणं या वेगवेगळ्या ओळखी आहेत. बहुस्तरीय जाळ्यात प्रत्येकीचा थर वेगळा काढतात. माणसं तीच, रेषा निराळ्या. सगळे थर एकत्र दाबले तर माझ्यापासून साहेबांपर्यंत रेषा दिसते. सुटे केले की कळतं, ती फक्त ऑफिसच्या थरात आहे. जागा निघणार ही बातमी मात्र अनेकदा नात्यागोत्याच्या थरातून फिरते.

बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मूळ जातीअंतर्गत विवाहात दाखवलं. म्हणजे एका थरावरचं कुंपण. त्याची सावली इतर थरांवर पडते. देशातल्या 1000 मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास 2012 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. त्यात सुमारे 93 टक्के संचालक तथाकथित उच्च जातींतले निघाले.

आता दुसरी गोष्ट. रेषा दोघांनाच जोडते. तीन मैत्रिणी दोघी-दोघी करून तीनदा भेटल्या काय, किंवा तिघी एका खोलीत बसल्या काय, कागदावर त्रिकोण तोच. प्रत्यक्षात फरक मोठा असतो. म्हणून उच्चश्रेणी जाळ्यात अख्खा गट हाच एक दुवा धरतात. 2019 साली याकोपिनी, पेट्री, बारा आणि लातोरा यांनी असं प्रारूप मांडलं. गटाचा प्रभाव पुरेसा असेल तर बदल हळूहळू न पसरता एकदम उसळतो. पण सुरुवातीची माणसं ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर तो विझूनही जातो.

हे वाचताना मला महाड आठवलं. 1923 साली मुंबई कायदेमंडळाने ठराव केला, 1924 साली महाड नगरपालिकेनेही. चवदार तळं कागदावर खुलं होतं, तरी एकट्याने पाण्याला हात लावणं सोपं नव्हतं. 20 मार्च 1927 रोजी लोक मिळून गेले. त्यानंतर हल्ला झाला, कोर्टाचा निकाल यायला 1937 साल उजाडलं. प्रारूपाने महाड सिद्ध होत नाही, आणि त्या लोकांना गणिताची गरजही नव्हती. पण आपण काय मोजायचं विसरतो, ते कळतं. बहिष्कारही गटच घालतो, हेही विसरू नका.

म्हणून माझी विनंती साधी आहे. फेलोशिपचा अर्ज एकट्याने भरू नका, तिघं-चौघं एकत्र बसा. मुलाखतीची तयारी एकमेकांसमोर करा. तुम्ही जिथे पोहोचाल तिथली बातमी मागच्यांपर्यंत पोहोचवा. ज्या थरात आपल्याला रेषा मिळाली नाही, तो थर आपल्यालाच उभा करावा लागेल.

जय भीम.