रिकामं जातं



दाताच्या डॉक्टरांकडे गेलं की पहिला हुकूम काय असतो? ‘आ करा.’ आपल्या बाराखडीतलं सर्वांत मोकळं अक्षर. आई, आजी, आभाळ, सगळं त्या ‘आ’पासून सुरू होतं. २०२१ साल संपता संपता मला तो ‘आ’च करता येईना. एका छोट्या कविसंमेलनात कविता म्हणायला उभी राहिले, तोंड उघडलं आणि कानापाशी कट्‌कन आवाज झाला. जबडा निम्म्यावर अडकला. समोरच्यांना वाटलं, बाईंचा कंठ दाटून आला. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या!

आज त्या जबड्याविषयी चार शब्द बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, कविता लिहिणारी बाई. पण जे सोसलं आणि जाणत्या माणसांकडून जे शिकले, ते तुमच्याही उपयोगी पडेल असं वाटतं.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, माझा धाकटा भाऊ गेला. बेडसाठी फोन, ऑक्सिजनसाठी फोन, मग नातेवाइकांना कळवण्यासाठी फोन. अम्मीला सांभाळायचं होतं, त्याच्या मुलांची शाळा मोबाईलवर चालू होती. रडायला सवडच मिळाली नाही. पावसाळ्यात उजवा कान ठणकायला लागला. कानात थेंब घातले. कान स्वच्छ निघाला. मग वाटलं, दाढ असेल. डॉक्टर म्हणत होते, थोडं थांबू या. मीच हट्ट धरला आणि दाढ काढून घेतली. दाढ गेली, ठणका राहिला तिथेच.

शेवटी घाटी परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात गेले. तपासणाऱ्या तरुण मुलीने विचारलं, “मावशी, रात्री दात खाता का?” मी म्हटलं, “जंतांचं औषध घेते.” ती हसली. “जंतांचा यात काही संबंध नाही, मावशी. दात घासून सपाट झालेत तुमचे.” मग तिने माझ्या गालांवर बोटं ठेवली. “दात आवळा. आता सोडा.” बोटांखाली सुपारीएवढी कडक गाठ उठली आणि बसली. तिथे तिने हलकेच दाबलं, तर कळ थेट कानात, कानशिलात आणि काढलेल्या दाढेच्या रिकाम्या जागी गेली. दुखत होता तो कान नव्हता, दाढही नव्हती. दुखत होता घास चावण्याचा स्नायू.

या स्नायूचं नाव मॅसेटर. आकाराच्या मानाने शरीरातल्या सर्वांत ताकदवान स्नायूंमध्ये त्याची गणना होते. गालाच्या हाडापासून तो खालच्या जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत उतरतो. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला दुसरा स्नायू त्याचा जोडीदार. कानाच्या अगदी पुढे जबड्याचा सांधा असतो. तोंड मिटलेलं असताना ओठांना ओठ लागावेत, पण दातांना दात लागू नयेत. घास चावताना आणि गिळतानाच ते टेकायचे. आपण मात्र चिडलो, घाबरलो, गप्प बसलो, की दातांवर दात रोवतो. ‘दातओठ खाणं’, ‘दातखीळ बसणं’ हे आपल्या भाषेला कधीपासून ठाऊक आहे! हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतं. कोविडच्या काळात दात खाणारे रुग्ण वाढल्याचं अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेनेही २०२१मध्ये नोंदवलं होतं. म्हणजे मी काही एकटी नव्हते.

त्या मुलीने मला मालिश शिकवलं. कागद-पेन्सिल नको, नुसतं ऐका.

आधी कोमट पाण्यात रुमाल पिळून दहा मिनिटं गालांवर धरायचा. मग दात एकदा आवळून स्नायू कुठे फुगतो ते बोटांनी हेरायचं आणि लगेच दात सोडायचे. जीभ वरच्या दातांमागे टाळूला हलकेच टेकवायची. तीन बोटांनी त्या जागेवर सावकाश गोल फिरवायचं, मिनिटभर. नंतर गालाच्या हाडाखालून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत बोटं संथ ओढत न्यायची. शेवटी कानशिलं. दाब किती? गोड दुखेल इतकाच. डोळ्यांत पाणी आणणारा दाब नको. कानापुढच्या सांध्यावर जोर नको, गळ्याच्या बाजूच्या शिरांवर तर अजिबात नको. दिवसातून दोनदा, चार-पाच मिनिटं. सोबत काही दिवस मऊ खाणं, आणि जांभई येताना हनुवटीखाली मूठ.

चेपणं, चांपणं ही आपल्याकडची जुनी विद्या. पाटण्याचे शेख दीन महंमद १८१४च्या सुमारास इंग्लंडातल्या ब्रायटन गावी गेले, तिथे वाफेची स्नानगृहं काढली आणि हीच चंपी करून राजाच्या पदरी पोहोचले. ‘शॅम्पू’ हा शब्द आपल्या ‘चांपो’वरूनच इंग्रजीत गेला. पण एक सांगते. चंपीच्या शेवटी मानेला जो कडाकट झटका देतात, तो घेऊ नका. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्याने दुखावू शकते आणि पक्षाघातापर्यंत वेळ येऊ शकते.

प्रत्येक जबडा मालिशने सुटत नाही, हेही ऐकून ठेवा. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखला, छातीत दडपण आलं, घाम फुटला, तर तो हृदयाचा निरोप असू शकतो. तेव्हा मालिश नाही, १०८ नंबर. पन्नाशीनंतर नव्यानेच कानशील दुखू लागलं, केस विंचरताना डोकं हुळहुळलं, चावताना जबडा भरून आला किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोळ्यांचा प्रश्न असतो. सूज आणि ताप असेल तर गालाला हात लावू नका. जखम होऊन गेल्यावर जबडा घट्ट बसू लागला, तर धनुर्वाताची शंका घ्यायची आणि ताबडतोब दवाखान्यात जायचं.

आणि तरुण मुलांनो, तुमच्यासाठी. आपल्याच हाताची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील आणि तुम्ही गुटखा, खर्रा, सुपारी खात असाल, तर तो ताण नव्हे. आतली त्वचा दोरीसारखी ताठ होत चालली आहे आणि पुढे तिथे कर्करोग होऊ शकतो. राज्यात २०१२पासून गुटख्याला बंदी आहे, तरी तोंडं बंद होणं थांबलेलं नाही. मालिशने ते सुटत नाही. पुडी सोडायची आणि डॉक्टरांकडे जायचं.

माझं दुखणं दीड-दोन महिन्यांत पुष्कळ उतरलं. मालिशने आराम पडायचा, पण तो तासा-दोन तासांचा. खरा फरक पडला तो सवय मोडल्यावर. स्वयंपाकघरात, आरशावर, फोनच्या पाठीवर मी एकच शब्द चिकटवला होता : ‘सोड’. दिसला की दात सोडायचे. रात्रीसाठी डॉक्टरांनी दातांवर बसवायचं एक टोपण करून दिलं, त्याला नाईट गार्ड म्हणतात. दात वाचवण्यापुरता त्याचा उपयोग.

माझी नानी खुलताबादेकडच्या खेड्यातली. लहानपणी मी तिचं जातं उगाच फिरवायची, तेव्हा ती ओरडायची, “रिकामं जातं फिरवू नको गं, दगड दगडाला खातो.” दळताना ती ओव्या म्हणायची. हात दळत, तोंड मोकळं. आम्ही शिकलेल्या बायकांनी जातं सोडलं, ओवीही सोडली आणि दळण तोंडात घेतलं. त्यात दाणा नाही, नुसते दगड.

अम्मी आता ऐंशीला टेकली आहे. भाऊ गेल्यापासून डोक्याला ओढणी घट्ट बांधून बसायची. त्याचं नाव तिने काढलं नाही, आम्हीही काढलं नाही. डॉक्टरांना दाखवून आणल्यावर एका संध्याकाळी मी तिच्या गालांवर तशीच बोटं फिरवली. दहाएक मिनिटं गेली असतील. डोळे मिटूनच ती म्हणाली, “त्याला माझ्या हातची खिचडी आवडायची.” मग आम्ही दोघी रात्री उशिरापर्यंत त्याच्याबद्दल बोलत बसलो.

आज रात्री झोपण्याआधी तुमचे दात एकमेकांवर टेकलेत का, तेवढं बघा. टेकले असतील तर सोडा.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)