पावत्यांचा हिशेब आणि आधाराचा हिशेब

(गंगाखेड येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अत्याचारग्रस्त स्त्रियांना निवारा, समुपदेशन आणि कायद्याचे साहाय्य देण्याचे काम शासन अनेक ठिकाणी स्वयंसेवी संस्थांकडे सोपवते व त्यासाठी अनुदान देते. पूर्वीची स्वाधार गृहे, आजची शक्ती सदने ही त्याची उदाहरणे. पैसा जनतेचा आहे. त्याचा हिशेब मागणे म्हणजे संस्थांवर अविश्वास दाखवणे नव्हे.

कायद्यांची वाण नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली न्यासांच्या हिशेबांची वार्षिक तपासणी होते. वर्षाला किमान २५ लाखांचे अनुदान घेणाऱ्या आणि खर्चाचा किमान ७५ टक्के भाग त्यातून भागवणाऱ्या संस्थेचे दप्तर १९७१ च्या कायद्याने महालेखापरीक्षकांच्या कक्षेत येते. परंतु ही तपासणी मुख्यतः पावत्यांची. वकिलाचे मानधन दिले, एवढे तीत दिसते. वकील न्यायालयात उभा राहिला का, हे दिसत नाही.

याचे भयंकर प्रत्यंतर बिहारात आले. मुझफ्फरपूरचे बालिकागृह शासकीय अनुदानावर चालत होते. तेथील मुलींवरील अत्याचार उघड झाले ते २०१८ साली, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकाने केलेल्या सामाजिक अंकेक्षणातून. कारण पथक कागदांपाशी थांबले नाही, मुलींशी बोलले. २०२० मध्ये चालकाला जन्मठेप झाली. देखरेखीची जबाबदारी असलेल्या बालकल्याण समितीतील व्यक्तीही दोषी ठरल्या.

२००५ च्या रोजगार हमी कायद्याने सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला. मजुरांचा हजेरीपट चावडीवर वाचता येतो. बलात्कारपीडितेचे नाव मात्र उघड करणे हा गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. पण तिच्या रक्षणासाठी असलेली ही गुप्तता संस्थेच्या गैरकारभाराचे कवच होता कामा नये. नावे झाकावीत, आकडे उघडे करावेत. वर्षभरात किती जणी आल्या, किती जणींना वकील मिळाला व किती दिवसांनी, किती जणी खटला निकाली निघेपर्यंत सोबत मिळवू शकल्या, हे प्रत्येक संस्थेने जाहीर करावे. शासनाबाहेरच्या, संस्थेशी संबंध नसलेल्या जाणत्या स्त्रियांनी पीडितांशी एकांतात बोलून त्याची शहानिशा करावी.

शासनानेही आपला हिशेब द्यावा. अनुदान महिनोन्महिने अडवून ठेवायचे आणि मग संस्थेलाच जाब विचारायचा, ही नीती प्रामाणिक संस्थांचा बळी घेते.

भरीव शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आहे. न्यायासाठी परभणीला खेटे घालणाऱ्या गंगाखेडच्या बाईसाठी आपण एवढे तरी करू या: अर्ज लिहू या, आकडे मागू या आणि ते मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.