आधी सशाचे पोट, मग खाद्याचे पोते

(कल्याण येथे ठाणे जिल्ह्याच्या बैठकीत केलेले भाषण)



इकडे मुरबाड-शहापूरला भात पिकतो, गिरणीत कोंडा उरतो. कोरडवाहू भागातून आलेल्या तुमच्या घरी ज्वारी, तुरीची चुनी, सरकीची पेंड. हा माल आपण विकतो तेव्हा मातीमोल. तोच पशुखाद्य म्हणून पिशवीत भरून परत आला की सोन्याचा. ठाणे-कल्याण-डोंबिवलीचे गिऱ्हाईक दाखवून ‘ससे पाळा’ सांगणारा पिंजऱ्यांचा हिशेब मांडतो. खाद्याचा हिशेब आपणच मांडायचा.

आईपासून तोडलेले पिल्लू दिवसाला सरासरी 100 ग्रॅम खाद्य खाते असे धरा. आठ आठवड्यांत झाले 5 किलो 600 ग्रॅम. किलोमागे एक रुपया वाचला तर शंभर सशांमागे 560 रुपये वाचले. ससेपालनात सर्वात मोठा खर्च खाद्याचाच. नफा-तोटा तिथेच ठरतो.

पण ससा म्हणजे लहान शेळी नव्हे. त्याला रवंथ करणारे पोट नाही. त्याचा चारा मागच्या मोठ्या आंधळ्या आतड्यात आंबतो. तिथे तयार झालेल्या मऊ लेंड्या तो स्वतःच खातो आणि त्यातून प्रथिने व ब जीवनसत्त्वे मिळवतो. ती घाण नव्हे, मोडू नका. नुसता धान्याचा भरडा जास्त झाला तर आतडे बिघडते, पोट फुगते, हगवण लागते आणि वाढीचे पिल्लू दोन दिवसांत जाते. म्हणून खाद्यात प्रथिने 16-17 टक्के आणि तंतू 12 ते 14 टक्के हवेत.

शंभर किलोचा एक मेळ लिहून घ्या: ज्वारीचा भरडा 20, गव्हाचा कोंडा 25, तेल काढलेला भाताचा कोंडा 10, तूरचुनी 15, सोयाबीन पेंड 10, वाळवलेला लसूणघास 18, खनिज मिश्रण दीड आणि मीठ अर्धा किलो. जोडीला गवत आणि चोवीस तास स्वच्छ पाणी. भाताचा कोंडा तेल काढलेलाच घ्या. ताजा लवकर खवट होतो. तुसाची भेसळ असलेला घेऊ नका. पिठाची धूळ नाकात जाते, म्हणून मेळ थोडा ओलसर करून द्या. ओला केलेला उरला तर टाकून द्या.

आता तीन गोष्टी टाळा. पहिली, सरकी पेंड. तिच्यातले गॉसिपॉल मोठ्या गाईम्हशीच्या पोटात बरेचसे निष्प्रभ होते, सशाच्या पोटात तसे होत नाही. वाढीच्या पिल्लांना ती देऊच नका. दुसरी, पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी आणि बुरशीची शेंगदाणा पेंड. बाजारात भाव नाही म्हणून सशाला घालाल, तर बुरशीच्या विषाने ससा आधी मरतो. तिसरी, कोंबडीखाद्य. त्यात रक्ती हगवणीवर घातलेली नारासिनसारखी औषधे सशाला घातक आहेत.

पुड्या विकणारेही येतील: यीस्ट, जीवाणू, टॉनिक. काहींचा उपयोग होतो, पण तंतू कमी पडलेले खाद्य कुठलीही पुडी तारत नाही. हगवणीचे औषध पशुवैद्यकाला विचारूनच द्या.

विदर्भ-मराठवाड्याच्या मंडळींना आणखी एक सांगतो. तीस अंशांच्या वर ससा खाणे कमी करतो. उन्हाळ्यात खाद्य पहाटे आणि रात्री द्या, आणि सावलीची सोय नसेल तर धंद्यात पडू नका.

‘तयार ससे आम्हीच उचलू’ असा करार पुढे आला, तर सही करण्याआधी दोन आकडे कागदावर मांडा: एका सशामागे खाद्याचा खर्च आणि लेखी मिळणारा दर. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा पुरेसा मोठा नसेल, तर कितीही गोड बोलणारा असो, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.