वेदना म्यूट करता येते का?

आज डॉ. पॉल ब्रँड यांच्याबद्दल बोलूया. मिशनरी आईवडिलांचा हा मुलगा १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सर्जन म्हणून आला. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, असं तेव्हा सगळे धरून चालायचे. ब्रँडना वेगळंच दिसलं: नसा बधिर होतात, चटका कळत नाही, झोपेत उंदराने बोट कुरतडलं तरी जाग येत नाही. मग घरी जाणाऱ्या पेशंटसोबत मांजर दिलं जाऊ लागलं!

पुढे अमेरिकेत त्यांनी सेन्सरवाले हातमोजे करून पाहिले. बीप वाजला तरी पेशंट दुर्लक्ष करायचे. शॉक लावला, तर सिस्टिमच बंद करायचे. मी रोज सर्व्हरचे अलर्ट बघतो, म्हणून हे लगेच पटलं.

पण 'वेदना ही देणगी' हे वाक्य भुकेल्या माणसाला ऐकवायचं नसतं. वेदना फक्त खबर देते. धावून जायचं काम दुसऱ्यांचं. गावानं टाकलेल्या माणसाचा हात ब्रँडनी हातात घेतला आणि ऑपरेशन करून पुन्हा कामाला लावला. मला मिशन तिथे दिसतं.

आपण कुणाचा अलर्ट म्यूट केलाय, तेवढं बघा. भेटू पुढच्या भागात.