थांबलेल्याला पाणी द्या



पहाटे शहापूरच्या रस्त्याने आपली पोरं-पोरी धावताना दिसतात. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती : मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मेहनत वर्षाची, निकाल काही मिनिटांचा. पाय मुरगळला, दम तुटला की पोरगं मान खाली घालून घरी येतं. आणि आपण काय बोलतो? "झालं, वर्ष फुकट!"

आम्ही गिरणीतली माणसं, पण एक जुनी शर्यत वाचली ती सांगतो. भारताने ऑलिंपिकला पहिला संघ पाठविला तो १९२० साली, बेल्जियममधील अँटवर्पला. सर दोराबजी टाटांनी त्यासाठी पुढाकार घेतला. मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले उतरले आणि त्यांच्यासोबत सदाशिव दातार. अंतर ४२.७५ किलोमीटर, आजच्या मॅरेथॉनहूनही जास्त. चौगुले २ तास ५१ मिनिटांच्या आत पोहोचून १९ वे आले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. म्हणून त्यांचं नाव पुसलं गेलं का? नाही. ऑलिंपिक मॅरेथॉन धावलेल्या पहिल्या दोन भारतीयांत ते आहेतच.

तेव्हा आमचं सांगणं एवढंच. जिंकलेल्याला हार घालायला गाव जमतं, घालाच. पण मध्येच थांबलेल्याला पाणी द्यायला, त्याचा पाय चोळायला आणि दुसऱ्या पहाटे त्याला परत उठवायला घरचंच माणूस लागतं. आया-बहिणींनो, बापांनो, ते माणूस आपण होऊ या.

जयभीम.